सिगारेट सोडल्यानंतरचे पहिले दिवस : तलफ निभावण्याची पद्धत, क्रमाने

स्वतःच्या बळावर सिगारेट सोडणारे बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच परत ओढू लागतात. त्यांच्यात निश्चय नसतो असं मला वाटत नाही. चुकतो तो क्रम. निर्णय आधी होतो आणि तयारी मागाहून सुरू होते. रविवारी रात्री पाकीट संपतं, 'उद्यापासून बंद' असं ठरतं. सोमवारी सकाळी पोट साफ होत नाही, अकराच्या चहाला हात खिशाकडे जातो, दुपारी डोकं जड होतं आणि संध्याकाळी टपरीवर 'एकच दे' होतं. निकोटिनच्या गमची (सिगारेटऐवजी चघळायच्या औषधी गमची) चौकशी मंगळवारी सुरू होते.

हा लेख सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्यांसाठी आहे. वाचून झाल्यावर लगेच सोडू नका. आधी निदान आठवडाभराची तयारी करा.

दोन गोष्टी समजून घेतल्या तर पुढचं सगळं सोपं जातं. पहिली : निकोटिन, म्हणजे तंबाखूतलं व्यसन लावणारं द्रव्य, रक्तात शिरल्यावर साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणूनच दिवसभर तास-दोन तासांनी हात पाकिटाकडे वळतो. शेवटच्या सिगारेटनंतर दोन-तीन दिवसांत ते शरीरातून जवळजवळ निघून जातं, आणि याच दोन-तीन दिवसांत त्रास सर्वांत जास्त असतो. दुसरी : एक तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते, फार तर दहा. ओढली नाही तरी ती जाते. तलफ वाढतच जाणार आणि शेवटी ओढावीच लागणार, असं वाटत असतं. तसं होत नाही.

## टप्पा १ : चार दिवस नुसती नोंद

या चार दिवसांत एकही सिगारेट कमी करायची नाही. रोजच्याएवढ्याच ओढा, फक्त पेटवण्याआधी एक ओळ लिहा. पाकीट घेणाऱ्यांनी कागद पाकिटालाच रबरबँडने बांधावा. एकेक सुटी सिगारेट घेणाऱ्यांनी मोबाइलमध्ये लिहावं.

ओळीत चार गोष्टी हव्यात : वेळ, जागा, सोबत कोण, आणि ती ओढली नसती तर किती अडलं असतं (शून्य ते तीन). उदाहरणार्थ :

- ६:५०, घर, एकटा, संडासला जाण्याआधी : ३
- ९:३०, बस थांबा, एकटा : १
- ११:१०, ऑफिसखालची टपरी, दोघे सहकारी, चहासोबत : ३
- २:००, डबा खाल्ल्यावर, तेच दोघे : २
- ४:४५, बॉसच्या फोननंतर, जिना : ३
- १०:३०, गॅलरी, झोपण्याआधी : २

चौथ्या रात्री हा कागद समोर घेऊन बसा. बसथांब्यावरच्या सिगारेटसारख्या 'एक'वाल्या बऱ्याच निघतील. त्यांची फार काळजी नको. 'तीन'वाल्या मात्र वेगळ्या लिहून काढा. त्या साधारण तीन-चारच असतात आणि रोज त्याच वेळी, त्याच जागी येतात. पहिल्या आठवड्याची सगळी तयारी या तीन-चार वेळांसाठी करायची आहे.

तपासा : उठल्यापासून पहिली सिगारेट किती वेळाने ओढता? अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीराचं निकोटिनवरचं अवलंबन जास्त आहे. अशा माणसाने औषधाच्या मदतीशिवाय सोडायचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मदत घेणं कमीपणाचं वाटून पुरुष इथेच अडतात.

## टप्पा २ : तारीख आणि औषध एकाच दिवशी ठरवा

तारीख येत्या दोन आठवड्यांतली असावी. त्याहून लांबची ठरवली की ती पुढे सरकत जाते. घरचं लग्न, गणपती, मार्चअखेर, परीक्षा, मित्रांची सहल असे दिवस टाळा. एखादा साधा, कंटाळवाणा आठवडा उत्तम. सुटीच्या दिवशी सुरू करायचं की कामाच्या, हे नोंदीवरून ठरवा. 'तीन'वाल्या सिगारेटी बहुतेक ऑफिसातल्या असतील तर शनिवारी सुरू करा, म्हणजे अवघड दुसरा दिवस घरी जाईल. घरी रिकामं बसल्यावर जास्त ओढत असाल तर सोमवार बरा.

'रोज एक-एक कमी करत नेतो' हा मार्ग बऱ्याच जणांना सोपा वाटतो. त्यात उरलेली प्रत्येक सिगारेट जास्त हवीशी होते आणि ती जास्त खोल ओढली जाते. त्यापेक्षा ठरलेल्या तारखेला पूर्ण थांबणं बरं.

तारीख ठरली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण काही औषधं आधीपासून सुरू करावी लागतात. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपियॉन या दोन्ही गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात आणि सोडण्याच्या तारखेआधी साधारण आठवडाभर सुरू करायच्या असतात. फिट येण्याचा इतिहास असेल तर ब्युप्रोपियॉन चालत नाही, तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवू नका.

निकोटिनचा गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा येतो. २ चा मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ साठी चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासात ओढणाऱ्यांना सहसा ४ चा लागतो. निकोटिनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टीही मिळते. पॅच हळूहळू दिवसभर काम करतो आणि गम ऐन तलफेच्या वेळी उपयोगी पडतो. दोन्ही एकत्र वापरल्यास एकट्या गमपेक्षा किंवा एकट्या पॅचपेक्षा फायदा जास्त होतो, पण हे डॉक्टरांना विचारून करा. कवळी असेल तर गम तिला चिकटतो, म्हणून पॅच बरा.

सावध : गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, छातीत वारंवार दुखणारे आणि अठरा वर्षांखालची मुलं यांनी गम किंवा पॅच स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

तपासा : सध्या कोणती औषधं चालू आहेत? सिगारेटच्या धुरामुळे यकृत काही औषधं लवकर संपवतं. धूर थांबला की तोच डोस अंगावर जास्त पडू शकतो. दम्यासाठीचं थिओफिलिन, मानसिक आजारासाठीचं क्लोझापिन किंवा ओलान्झापिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांपैकी काही घेत असाल तर सोडण्याची तारीख त्या डॉक्टरांना आधी सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी.

डॉक्टरांकडे जाणं जमत नसेल किंवा घरात कळू द्यायचं नसेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं. तारीख सांगितली की समुपदेशक त्या सुमारास स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. लपून ओढणाऱ्या स्त्रियांना आणि कॉलेजच्या मुलांना हा मार्ग विशेष उपयोगी आहे. २०१८ पासून हा क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, पण सुट्टी सिगारेट घेणाऱ्याच्या तो नजरेला पडतच नाही. महाराष्ट्रात सुट्ट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीला २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर त्या मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

## टप्पा ३ : आदल्या दिवशीची आवराआवर

हे काम आदल्या दिवशी संध्याकाळीच करा, रात्री शेवटची ओढल्यावर नको. रात्री 'हे उरलेलं पाकीट उद्या टाकू' असं होतं आणि ते घरातच राहतं.

बघायच्या जागा : ऑफिसच्या बॅगेचे सगळे कप्पे, हिवाळ्यातलं जॅकेट, स्कूटरची डिकी, गाडीचा डॅशबोर्ड, टेबलाचा खालचा ड्रॉवर, गॅलरीतल्या कुंड्यांमागची फट. लायटर देऊन टाका. देवघरातली आणि गॅसजवळची काडेपेटी घरच्यांना त्यांच्या जागी ठेवू द्या, ती तुमच्या खिशात नको. उरलेल्या सिगारेटी कोणाला देऊ नका आणि कोरड्या कचऱ्यातही टाकू नका. पाण्यात बुडवून मग टाका. 'अडचणीला असावी' म्हणून ठेवलेली एक सिगारेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हमखास सापडते.

मग तलफेची पिशवी भरा. तिच्यात गम, पाण्याची बाटली, बडीशेप किंवा धनाडाळ, दोन-चार लवंगा, फुटाणे, गाजर-काकडीचे काप. उद्देश एवढाच की तोंड आणि हात दोन्ही कामात राहावेत.

सावध : सुपारी नको. मसाला सुपारी, गोड सुपारी, पानातली सुपारी, कोणतीच नाही. सुपारी तंबाखूशिवायही तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते. आवळा सुपारी खायची असेल तर पाकिटावरचे घटक वाचून फक्त आवळ्याचीच घ्या. मशेरी, तंबाखू-चुना किंवा गुल हा तर पर्यायच नव्हे. त्यातही निकोटिन आहे, म्हणजे व्यसन तसंच राहतं आणि फक्त ओठाआड जातं. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे.

घरी आणि ऑफिसात प्रत्येकी एकाच माणसाला सांगा. सांगताना 'सोडायचा प्रयत्न करतोय' असं म्हणू नका, 'मी सोडली आहे' म्हणा. 'प्रयत्न' ऐकला की समोरचा 'मग आज एक घे' म्हणायला मोकळा होतो. घरच्यांना हेही सांगून ठेवा : "चार दिवस मी चिडेन, तुझ्यावर राग नसेल. मला 'ओढलीस का' असं विचारू नकोस, आणि मी चिडलो तर 'त्यापेक्षा ओढ एकदाची' असं तर मुळीच म्हणू नकोस." हे शेवटचं वाक्य प्रेमापोटीच येतं, आणि त्यानेच कित्येक जण तिसऱ्या दिवशी परत ओढतात.

## टप्पा ४ : गम चघळायची पद्धत आजच शिका

'गम घेतला, काही उपयोग झाला नाही' असं सांगणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो : कसा चघळलात? उत्तर बहुतेक वेळा 'च्युइंग गमसारखा' असंच येतं. तसा सलग चघळला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही; उलट उचकी लागते, मळमळतं, छातीत जळजळतं. मग माणूस गम फेकून देतो. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. म्हणून असं करा :

1. गम तोंडात घालून हळूहळू चावा. तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की थांबा.
2. तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. चावू नका.
3. मिनिटभराने झिणझिण्या कमी झाल्या की परत चार-पाच वेळा चावा, आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवा.
4. असं अर्धा तास चालू द्या. नंतर कागदात गुंडाळून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही खाऊ-पिऊ नका. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोकम, ताक, सोडा या सगळ्या आंबट किंवा आम्लधर्मी गोष्टींमुळे निकोटिन शोषलं जात नाही. चहा पिता पिता गम चघळणं ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती अगदी स्वाभाविकपणे होते, कारण तलफ चहाबरोबरच येते. क्रम उलटा करा : आधी चहा, तोंड खळखळून धुवा, पंधरा मिनिटं थांबा, मग गम. किंवा चहाच्या वेळेआधी पाऊण तास गम घ्या, म्हणजे चहापर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

दुसरी चूक कंजूषपणाची. 'हेही निकोटिनच ना' या भीतीने लोक दिवसाला दोन-तीनच गम घेतात आणि संध्याकाळी सिगारेट ओढतात. पहिल्या दिवसांत जागेपणी दर एक-दोन तासांनी एक घ्यावा लागतो. दिवसाला आठ-दहा लागले तर घाबरू नका. पाकिटावर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका म्हणजे झालं. कर्करोगाला कारण होतात ती धुरातली द्रव्यं, आणि गममध्ये धूर नाही.

पॅच लावणाऱ्यांसाठी : केस नसलेल्या, कोरड्या, तेल किंवा पावडर नसलेल्या त्वचेवर सकाळी लावा. रोज जागा बदला. रात्री विचित्र स्वप्नं पडून झोपमोड होत असेल तर झोपताना काढून ठेवा.

## टप्पा ५ : पहिला दिवस

सकाळ आणि पोट. याविषयी लाजेने फारसं कोणी विचारत नाही, आणि पहिल्याच सकाळी नेमकं इथेच सगळं मोडतं. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. वर्षानुवर्षं सिगारेटीनंतरच संडासला जाणाऱ्या माणसाचं पोट पहिले काही दिवस अडतं, हे खरं आहे. हे काही दिवसांत मार्गावर येतं, पण तोवर उपाय हवा, आणि तो दोन दिवस आधीपासून सुरू करायला हवा. रात्री एक-दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यातून घ्या (पाणी कमी पडलं तर उलट त्रास होतो). रात्रीच्या जेवणात पालेभाजी आणि ज्वारी किंवा बाजरीची भाकरी ठेवा. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, मग दहा मिनिटं चालणं, घरातल्या घरातही चालेल. थोडं खाऊन मग संडासला जा. पहिल्या दिवशी झालं नाही तर कुंथत बसू नका आणि 'फक्त या एका कामासाठी एक' असा सौदा करू नका. सकाळची ती एक सिगारेट राहिली की दिवसाच्या बाकीच्या मागोमाग येतात.

चहा. चहा सोडायची गरज नाही, पण निम्मा करा. यामागे ठोस कारण आहे. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन झपाट्याने संपवतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहतं. छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री झोप लागत नाही, आणि माणूस म्हणतो, 'सिगारेट सोडल्याने झालं, मला झेपत नाही.' त्यातला बराच भाग चहा-कॉफीचा असतो. चार कप घेत असाल तर दोन करा आणि संध्याकाळी पाचनंतर नको.

चहाची जागाही बदला. टपरीवर उभं राहून कटिंग घेणाऱ्याने पहिले दोन आठवडे ऑफिसातल्या मशीनचा किंवा घरून थर्मासमध्ये आणलेला चहा बसून प्यावा. मित्र सुटतील असं वाटतं. त्यांना डब्याच्या वेळी भेटा.

जेवणानंतर. शेवटचा घास खाल्ल्याबरोबर ताटावरून उठा आणि दात घासा. ऑफिसातही ब्रश ठेवा. पेस्टच्या चवीनंतर ओढावंसं कमी वाटतं. लगेच दहा मिनिटं चाला, फक्त टपरीच्या उलट दिशेने.

प्रवास. रिक्षा, टॅक्सी, ट्रक चालवणाऱ्यांना सिग्नलला किंवा नंबरच्या रांगेत तलफ येते. हाताशी फुटाणे आणि पाणी ठेवा. पहिले दोन-तीन दिवस लक्ष भरकटू शकतं. जमलं तर लांब पल्ल्याची फेरी घेऊ नका.

उपाशी राहू नका. भूक आणि तलफ पोटात सारखीच वाटते. दर तीन तासांनी काहीतरी खा. सिगारेट सुटली की वजन थोडं वाढू शकतं. त्याची चिंता पहिल्या महिन्यात करू नका. सिगारेट आणि जेवण दोन्ही एकदम कमी करायला गेलेल्यांचं दोन्ही मोडतं.

## टप्पा ६ : तलफ आली, त्या पाच मिनिटांत

क्रम महत्त्वाचा आहे, कारण ऐन वेळी डोकं विचार करत नाही. कागदावर लिहून खिशात ठेवा.

1. जागा सोडा. बसला असाल तर उठा, गॅलरीत असाल तर आत या, टपरीजवळ असाल तर चालू लागा. हे सर्वांत आधी. जिथे रोज ओढता तिथेच उभं राहून मनाशी झगडणं फार अवघड जातं.
2. घड्याळ बघा. मनात म्हणा, 'दहा मिनिटांनी ठरवू.' 'आयुष्यात कधीच नाही' असा विचार त्या क्षणी करू नका, त्याने घाबरायला होतं.
3. पाणी प्या, घोट घोट, पूर्ण पेलाभर.
4. श्वास. नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. दहा वेळा. सिगारेट ओढताना माणूस नकळत लांब श्वास घेतो आणि त्यातून मिळालेल्या आरामाचंही श्रेय सिगारेटीला देतो.
5. हाताला काम. भांडी घासा, भाजी निवडा, गाडी पुसा, कोणालातरी फोन करा. मोबाइल चाळत बसण्याचा फारसा उपयोग नाही. बरेच जण मोबाइल बघतच ओढत असतात, त्यामुळे हात पुन्हा सिगारेट शोधतो.
6. दहा मिनिटांनंतरही जोर असेल तर गम. त्याचा परिणाम जाणवायला काही मिनिटं लागतात, म्हणून नोंदीतल्या 'तीन'वाल्या वेळांसाठी तो पंधरा-वीस मिनिटं आधीच घेऊन ठेवलेला बरा.

राग आल्यावरच्या तलफेला वरचा क्रम थोडा अपुरा पडतो. बॉस बोलला, घरात भांडण झालं, की 'डोकं शांत करायला' सिगारेट हवी वाटते. खरं तर निकोटिन उतरल्याची अस्वस्थता सिगारेटने शमते आणि तोच आराम रागावरचा इलाज वाटतो. अशा वेळी जिने चढा-उतरा, भरभर चाला, तोंडावर गार पाणी मारा. बोलायचं असेल ते अर्ध्या तासाने बोला.

तपासा : रात्री झोपताना मोजा, आज किती तलफा आल्या आणि किती गेल्या. पहिल्या दिवशी खूप आल्या असतील. तरी प्रत्येक गेली, हे आकड्यांत दिसलं की दुसऱ्या सकाळी धीर येतो.

## टप्पा ७ : दुसरा ते चौथा दिवस

बहुतेकांना दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत जड जातो. या दिवसांत होणारा त्रास आधी माहीत असेल तर त्याची भीती वाटत नाही. चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणं, डोकेदुखी, हलकी चक्कर, झोप तुटणं, उदास वाटणं, सारखी भूक, तोंडात छाले, बद्धकोष्ठता हे सगळं निकोटिन थांबल्याचं लक्षण आहे. यातलं बरंचसं दोन ते चार आठवड्यांत ओसरतं.

खोकला वाढला तर दचकू नका. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस धुरामुळे मंदावलेले असतात. ते पुन्हा काम करू लागले की साठलेला कफ वर येतो. 'ओढत होतो तेव्हा बरा होतो, सोडल्यावर खोकला लागला' असं म्हणून परत ओढणारे पुष्कळ आहेत. कोमट पाणी पीत राहा. तीन-चार आठवड्यांत कमी झाला नाही तर दाखवा. कफात रक्त दिसलं तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

स्वप्नात सिगारेट ओढल्याचं दिसतं आणि जाग आल्यावर अपराधी वाटतं. हे अनेकांना होतं. निश्चय ढळल्याची खूण नाही.

सावध : छातीत दाब किंवा दुखणं, ते हातात किंवा जबड्यात जाणं, घाम फुटणं, अचानक दम लागणं, याला 'सिगारेट सोडल्याचा त्रास' समजू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना भेटा. जगू नये असे विचार मनात आले तर एक दिवसही थांबू नका. डॉक्टरांकडे जा किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोला. पूर्वी नैराश्याचा आजार होऊन गेला असेल तर हे डॉक्टरांना तारीख ठरवतानाच सांगून ठेवा.

या तीन दिवसांत मोठे निर्णय, हिशेबाची भांडणं, नातेवाइकांशी जुने वाद, काही काढू नका. संध्याकाळ भरून टाका : चालायला जा, उशिरापर्यंत रेंगाळता येणार नाही असं काम घ्या, लवकर झोपा.

## टप्पा ८ : आठवड्यानंतर

शरीराची मागणी कमी झालेली असते, म्हणून सावधपणाही कमी होतो. आता तलफ येते ती ठरावीक प्रसंगांनी. त्यात पहिला नंबर दारूचा. दोन पेगनंतर आधी ठरवलेलं काही आठवत नाही आणि समोरच्याच्या हातात सिगारेट असते. पहिला महिना दारूच्या बैठकीला जाऊच नका. 'जाईन पण ओढणार नाही' हे टिकत नाही. लग्न, हळद, कॉलेजच्या मित्रांची भेट टाळता येत नसेल तर न ओढणाऱ्या एकाला सोबत धरा, जेवून लगेच निघा, आणि 'अरे एक झुरका घे' याला एकच उत्तर पाठ ठेवा : "नको, मी सोडली आहे." कारणं देऊ नका. कारण दिलं की वाद सुरू होतो आणि वादात माणूस हरतो.

एखादी ओढली गेली तर? तिथेच थांबा. 'आता मोडलंच, पाकीट संपवतो आणि एक तारखेपासून नव्याने' हा विचार त्या एका सिगारेटपेक्षा जास्त नुकसान करतो. हातातली विझवा, तिथून निघा, गम घ्या, आणि ज्याला 'सोडली' असं सांगितलं होतं त्याला त्याच दिवशी खरं सांगा. औषध किंवा पॅच चालू असेल तर एका सिगारेटीमुळे बंद करू नका. एकाच आठवड्यात असं दोन-तीनदा झालं, तर डोस कमी पडतोय का हे डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला विचारा.

गम बरं वाटल्याबरोबर बंद करू नका, ही शेवटची नेहमीची चूक आहे. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, त्यापुढचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी, असा तो उतरवायचा असतो. बाराव्या आठवड्यानंतरही अधूनमधून लागत असेल तर डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. गम लवकर सोडून सिगारेटीकडे जाण्यापेक्षा तो महिनाभर जास्त चघळलेला बरा.